मुदतीचा ताप आणि औषधाचं माप

पाऊस लागून तीन-चार आठवडे झाले की मुलांच्या वॉर्डात टायफॉइडची मुलं दिसायला लागतात. जुन्या माणसांनी याला मुदतीचा ताप हे नाव उगीच दिलेलं नाही. औषध नव्हतं तेव्हा हा ताप तीन-चार आठवड्यांची मुदत भरल्याशिवाय उतरत नसे, आणि तिसऱ्या आठवड्यात आतड्यातून रक्त जाऊन किंवा आतड्याला भोक पडून पोरं हातची जात. १९४८ साली क्वालालंपूरला क्लोरॅम्फेनिकॉल पहिल्यांदा या रोग्यांना दिलं गेलं आणि आठवडे चालणारा ताप काही दिवसांत खाली आला. तेव्हापासून कितीतरी औषधं आली, काही निकामी झाली, काही आता पुन्हा कामाला येऊ लागली आहेत. आज पालकांच्या हातातल्या चिठ्ठीवर बहुधा तीनांतलं एक नाव असतं: सेफिक्झिम, ॲझिथ्रोमायसिन किंवा सेफ्ट्रिॲक्झोन. त्यांतलं चांगलं कुठलं, हे रोज विचारलं जातं. ही तिन्ही औषधं आम्ही वॉर्डात रोज वापरतो. आमचं उत्तर असं, की जंतू ऐकणारा असेल तर तिन्ही चालतात. फसतं ते मापात, कल्चर (रक्तातला जंतू बाटलीत वाढवून बघणं) न काढल्यामुळे आणि तिसऱ्या दिवशी धीर सुटल्यामुळे. ते कसं, हे पहिल्या दिवसापासून सांगतो. हे वाचून घरी कुणी औषध सुरू करू नये. पण आपल्या मुलाला काय दिलं जातंय आणि का, हे आईबापांना कळलं पाहिजे.

मूल आमच्याकडे येतं ते बहुतेक वेळा तापाच्या पाचव्या ते आठव्या दिवशी. तोवर कुठलं तरी ॲन्टिबायोटिक दोन-तीन दिवस पोटात गेलेलं असतं आणि बाटली घरी राहिलेली असते. म्हणून पहिलाच प्रश्न असतो: काय दिलं, किती मिली, किती दिवस? फोनवर बाटलीचा फोटो मागवून घेतो, कारण ‘गुलाबी औषध’ एवढ्यावरून काही कळत नाही. मग तापाची चाल विचारतो. टायफॉइडचा ताप पायरीपायरीने चढतो आणि आठवड्याअखेरीस १०३-१०४ वर जाऊन बसतो. मलेरियासारखी हुडहुडी भरून घाम फुटेलच असं नाही. जीभ मधोमध पांढरी, कडा लाल. पोट थोडं फुगलेलं, दाबलं की मूल तोंड वेडंवाकडं करतं. मोठ्यांना बद्धकोष्ठ होतो, लहान मुलांना मात्र जुलाबच जास्त होतात आणि तिथेच निदान चुकतं. आठवडाभर ताप असलेल्या मुलाची प्लीहा बोटांना लागली, की आमचा संशय पक्का होत जातो.

आधी रक्त, मग औषध

पहिला डोस देण्याआधी रक्ताचं कल्चर काढायचं. यात आम्ही तडजोड करत नाही, कारण पुढचा सगळा निर्णय त्या बाटलीवर उभा असतो. टायफॉइडच्या रोग्याच्या एक मिली रक्तात अनेकदा एखादाच जिवंत जंतू असतो, कधी तोही नसतो. अर्धा मिली रक्त घातलं तर बाटलीत जंतू जाईलच कसा? लहानग्यांत दोन-तीन मिली, शाळकरी मुलांत पाच मिली घ्यायचं आणि बाटली त्या मापाची असल्याची खात्री करायची. रक्ताच्या पाच ते दहा पट द्रव बाटलीत असला, तर रक्तातले जंतूंना मारणारे घटक आणि आधीच्या औषधाचा अंश विरळ होतो. कातडी स्पिरिटने पुसायची, मग क्लोरहेक्सिडीन किंवा पोव्हिडोन आयोडीन लावायचं आणि ते वाळू द्यायचं. ओल्या कातडीत सुई घातली तर जंतुनाशक काम करत नाही आणि कातडीवरचे जंतू बाटलीत उगवतात. मग तीन दिवसांनी अहवालावर भलतंच नाव येतं. बाटलीच्या रबरावरूनही स्पिरिट फिरवायचं. आणि बाटली फ्रिजमध्ये ठेवायची नाही. रात्री प्रयोगशाळा बंद असेल तर ती खोलीच्या तापमानाला राहू द्यावी. ‘रक्त आहे, खराब होईल’ म्हणून गार केलेली बाटली ही आम्हांला सर्वांत जास्त वेळा भेटणारी चूक आहे.

इतकं सगळं नीट करूनही कल्चर दहापैकी साधारण सहाच टायफॉइडच्या रोग्यांत उगवतं, आधी औषध झालं असेल तर त्याहून कमी. पहिल्या आठवड्यात उगवण्याची शक्यता जास्त असते. म्हणून कल्चर कोरं आलं तरी टायफॉइड नाही असं म्हणता येत नाही. पण उगवलं तर जंतू कोणता आणि कोणतं औषध त्याला मारतं, हे दोन्ही हातात येतं. दुसरी कुठलीही तपासणी हे देत नाही.

विडाल या रक्ततपासणीबद्दल थोडं सांगायलाच हवं, कारण गावोगावी अजून त्याच कागदावर उपचार होतात. १८९६ सालची ही तपासणी रक्तातली प्रतिपिंडं मोजते आणि ती तयार व्हायला आठ-दहा दिवस लागतात. तापाच्या तिसऱ्या दिवशी केलेली विडाल ‘पॉझिटिव्ह’ आली, तर ती आजच्या तापाबद्दल काहीच सांगत नाही. आपल्याकडे पुष्कळ निरोगी मुलांतही १:८०, म्हणजे रक्त ऐंशी पट विरळ करूनही प्रतिपिंडं, दिसतं. मलेरियात आणि इतर तापांतही ती खोटी पॉझिटिव्ह येते. दुसऱ्या आठवड्यात, नळीच्या पद्धतीने केलेली, ओ आणि एच (जंतूच्या दोन भागांविरुद्धची प्रतिपिंडं) दोन्ही १:१६० किंवा वर असलेली विडाल आम्ही आधाराला घेतो, तेही मुलाकडे पाहून. त्यापेक्षा साधा रक्ताचा काउंट जास्त उपयोगी पडतो: पांढऱ्या पेशी कमी किंवा बेताच्या, इओसिनोफिल जवळजवळ शून्य, प्लेटलेट थोड्या उतरलेल्या, यकृताची एन्झाइम्स दोन-तीन पट. अगदी लहान मुलांत पांढऱ्या पेशी उलट वाढलेल्याही असतात. सोबत मलेरियाची स्लाइड, डेंग्यूची तपासणी, लघवी. कोकणात किंवा विदर्भात पावसाळा संपताना स्क्रब टायफस, म्हणजे झुडपांतल्या बारीक किड्यांच्या चाव्याने होणारा ताप, हाही मनात धरावा लागतो, आणि त्याचं औषध वेगळं आहे.

तोंडाने की शिरेतून

मूल पाणी पितंय, औषध पोटात राहतंय, शुद्धीत आहे, पोट मऊ आहे, घर दवाखान्यापासून फार लांब नाही: अशा मुलाला तोंडावाटेचं औषध पुरतं. उलट्या थांबत नाहीत, मूल सुस्त पडून आहे, पोट ताणलंय, काळी शी झाली, किंवा दहाबारा दिवसांचा ताप अंगावर काढून आलंय, तर भरती आणि सेफ्ट्रिॲक्झोन.

तोंडावाटेच्या औषधांत सगळा घोळ मापाचा होतो. १६ किलोचं मूल धरू, पाच वर्षांच्या आसपासचं. टायफॉइडला सेफिक्झिम रोज किलोला २० मिग्रॅ लागतं, म्हणजे दिवसाला ३२० मिग्रॅ, सकाळी १६० आणि रात्री १६०. घशाला-कानाला हेच औषध किलोला ८ मिग्रॅ देतात आणि हात त्याच सवयीचा असतो. त्यात बाटल्या दोन ताकदींच्या मिळतात: ५ मिलीत ५० मिग्रॅ आणि ५ मिलीत १०० मिग्रॅ. १०० वाली असेल तर एका वेळी ८ मिली. ५० वाली असेल तर तब्बल १६ मिली, आणि ३० मिलीची बाटली दिवसभरही पुरत नाही. पण चिठ्ठीवर ‘५ मिली दोनदा’ लिहिलेलं असतं, केमिस्टकडे ५० वाली शिल्लक असते, आणि मुलाला ३२० ऐवजी १०० मिग्रॅ मिळतं. पाच दिवसांनी ताप तसाच. चिठ्ठीत लिहिलं जातं, ‘सेफिक्झिमने गुण नाही’. औषध फसलं असं म्हणायच्या आधी आम्ही हा हिशेब करतो, आणि दर आठवड्याला एखादं मूल तरी या हिशेबातच सापडतं.

ॲझिथ्रोमायसिनचं तसंच. टायफॉइडला किलोला १० ते २० मिग्रॅ, दिवसातून एकदा, सात दिवस. आम्ही २० कडे झुकतो. १६ किलोला ३२० मिग्रॅ, म्हणजे ५ मिलीत २०० वाल्या सिरपचे ८ मिली. सात दिवसांचे ५६ मिली, म्हणजे १५ मिलीच्या चार बाटल्या. घशाच्या दुखण्याला एक बाटली तीन दिवसांत संपते. तीच एक बाटली घेऊन टायफॉइडवर निघालेलं मूल चौथ्या दिवशी औषधाविना असतं. म्हणून चिठ्ठीवर बाटल्यांची संख्याही लिहावी. मोठ्या मुलांत दिवसाला १ ग्रॅमच्या वर जात नाही.

दोन्ही औषधं बहुधा कोरड्या पावडरीच्या बाटलीत येतात. उकळून पूर्ण गार केलेलं पाणी थोडं घालून आधी हलवायचं, मग खुणेपर्यंत भरायचं आणि फेस बसल्यावर पुन्हा पातळी बघायची. फेसावरच माप धरलं तर पाणी कमी पडतं आणि औषध दाट होतं. द्यायच्या वेळी दरवेळी हलवायचं, नाहीतर पहिले डोस पातळ आणि तळाचे घट्ट. स्वयंपाकघरातला चमचा नको, सुईविना सिरिंज घ्यावी. ८ मिली चमच्याने मोजताच येत नाहीत. अर्ध्या तासाच्या आत उलटी झाली तर डोस पुन्हा द्यावा. ॲझिथ्रोमायसिनने पोटात कळ येते, तोंड कडू होतं. उलटीसाठी ऑन्डान्सेट्रॉन सोबत देताना आम्ही सावध असतो, कारण दोन्ही औषधं हृदयाच्या ठोक्यांच्या विद्युत चक्राचा काळ लांबवतात. हृदयाचा आजार किंवा पोटॅशियम कमी असेल तर आधी ईसीजी.

सेफ्ट्रिॲक्झोन किलोला ७५ मिग्रॅ, गंभीर मुलाला १०० पर्यंत, दिवसातून एकदा किंवा दोन भागांत. १६ किलोला १,२०० मिग्रॅ. १ ग्रॅमच्या व्हायलमध्ये १० मिली निर्जंतुक पाणी घालायचं, मग दुसऱ्या लहान व्हायलमधून उरलेले २०० मिग्रॅ घेऊन सलाइनमध्ये मिसळून अर्ध्या तासात सोडायचं. ‘एक व्हायल बस झाली’ म्हणून १ ग्रॅमवर थांबायचं नाही. रिंगर लॅक्टेट किंवा कॅल्शियम असलेल्या कुठल्याही द्रवातून हे औषध द्यायचं नाही, एकाच नळीतूनही नाही. खडूसारखा साका बसतो. कंबरेत द्यायची वेळ आली तर लिग्नोकेनमध्ये विरघळवतात, कारण इंजेक्शन फार दुखतं. ते लिग्नोकेनचं मिश्रण शिरेत मात्र कधीच जाता कामा नये. आठवड्याभराने उजव्या बरगडीखाली दुखलं तर सोनोग्राफीत पित्ताशयात गाळ दिसतो. तो या औषधाचाच असतो आणि औषध थांबल्यावर आपोआप जातो. त्यासाठी शस्त्रक्रियेची घाई नको.

तिघांची तुलना

टायफॉइडचा जंतू रक्तात थोडाच फिरतो. तो प्लीहा, यकृत, हाडांतली मज्जा इथल्या पेशींच्या आत दडून बसतो. सेफ्ट्रिॲक्झोन रक्तात भरपूर आणि पित्तातही उतरतं, पण पेशींच्या आत कमी शिरतं. ॲझिथ्रोमायसिनचं उलट: रक्तातली पातळी तोकडी, पेशींच्या आत कितीतरी पट साठा, आणि तो कित्येक दिवस टिकतो. म्हणूनच सात दिवसांचं औषध पुरतं. सेफिक्झिम सेफ्ट्रिॲक्झोनच्याच कुळातलं, पण तोंडाने घेतलेल्यातलं निम्म्याच्या आसपासच रक्तात उतरतं. म्हणून डोस मोठा आणि दिवस चौदा.

हे नुसतं पुस्तकी नाही, मुलांत तपासलेलं आहे. कैरोमध्ये मुलांना ॲझिथ्रोमायसिन विरुद्ध सेफ्ट्रिॲक्झोन असे दोन अभ्यास झाले, ते २००० आणि २००४ साली प्रसिद्ध झाले. पहिल्यात सात दिवस औषध दिलं: ॲझिथ्रोमायसिनवर ९१ टक्के मुलं बरी झाली, सेफ्ट्रिॲक्झोनवर ९७ टक्के. दुसऱ्यात पाचच दिवस, ॲझिथ्रोमायसिन किलोला २० मिग्रॅ: ९४ आणि ९७ टक्के. ताप उतरायला सेफ्ट्रिॲक्झोनला सरासरी ३.६ दिवस लागले, ॲझिथ्रोमायसिनला ४.५. इथवर सेफ्ट्रिॲक्झोन पुढे. पण ताप पुन्हा उलटला तो दोन्ही अभ्यासांत फक्त सेफ्ट्रिॲक्झोनच्याच मुलांत, पहिल्यात चार आणि दुसऱ्यात सहा. ॲझिथ्रोमायसिनच्या एकाही मुलात नाही. आकडे लहान आहेत, पण पेशींच्या आतल्या साठ्याशी ते जुळतात. आमचा धडा एवढाच, की सेफ्ट्रिॲक्झोन पाच-सात दिवसांत थांबवायचं औषध नाही.

सेफिक्झिमबद्दल काठमांडूजवळच्या पाटण रुग्णालयातला अभ्यास, २००७ साली प्रसिद्ध झालेला, नेहमी सांगितला जातो. गॅटिफ्लॉक्सासिनशी तुलना होती आणि सेफिक्झिमच्या गटात ७० पैकी १९ जणांत उपचार फसल्यामुळे तो मध्येच थांबवावा लागला. दुसऱ्या गटात ८८ पैकी एकच. ऐकून सेफिक्झिम सोडून द्यावंसं वाटतं. पण तिथे ते सातच दिवस द्यायचं ठरलं होतं आणि ताप उतरायला त्याला सुमारे १३८ तास, म्हणजे जवळजवळ सहा दिवस लागले. जे औषध सहाव्या दिवशी ताप उतरवतं ते सातव्या दिवशी थांबवलं, तर काय होणार? आम्ही ते चौदा दिवस देतो, पूर्ण मापाने, आणि पालकांना आधीच सांगतो की हे तिघांतलं सर्वांत संथ आहे. मूल जरा जास्त आजारी वाटलं तर त्यावर विसंबत नाही. गॅटिफ्लॉक्सासिनवर भारतात २०११ मध्ये बंदी आली, तो विषय संपला.

त्याच्याच कुळातली सिप्रोफ्लॉक्सासिन आणि ओफ्लॉक्सासिन १९९० च्या दशकात जादूसारखी चालत. आज भारतात उगवणाऱ्या टायफॉइडच्या जंतूंपैकी नव्वद टक्क्यांच्या वर जंतूंवर ती नीट चालत नाहीत. तरीही सेफिक्झिम आणि ओफ्लॉक्सासिनची एकत्र गोळी अजून लिहिली जाते. त्यातलं एक बहुधा निरुपयोगी आणि दुसऱ्याचं माप टायफॉइडपुरतं नाही. आम्ही ती देत नाही.

तिसरा दिवस

औषध सुरू झालं की मुलाच्या पलंगाशी तक्ता लागतो. दर चार तासांनी काखेतला ताप, आणि तो पॅरासिटामॉल देण्याच्या आधीचा. नंतरचा आकडा लिहिला तर तक्त्याला अर्थ राहत नाही. पॅरासिटामॉल किलोला १५ मिग्रॅ, म्हणजे १६ किलोला ५ मिलीत २५० वाल्या सिरपचे जवळजवळ ५ मिली, दोन डोसांत किमान चार ते सहा तास. मेफेनॅमिक ॲसिड हे तापाचं दुसरं औषध आम्ही टाळतो. आतड्यात जखमा असताना रक्तस्रावाचा धोका कशाला?

पहिल्या दिवशी तक्त्यावर १०४ चार वेळा दिसतो. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी १०३.५, पण दोनदाच. आणि नेमकी इथे आई किंवा आजी पलंगापाशी धरते: “डॉक्टर, तीन सुया झाल्या, ताप तिथेच आहे. इंजेक्शन बदला ना.” त्यांना आम्ही तक्ता हातात देऊन दाखवतो. “ताई, काल दिवसात चार वेळा १०४ होता, आज दोनदाच आलाय. मधल्या वेळात त्याने मऊभात मागितला ना? ही उतरतीच आहे.” चौथ्या दिवशी शिखर १०२ वर येतं, पाचव्या-सहाव्याला १००, मग एक सकाळ येते की तक्त्यावर ९८ दिसतो आणि मूल मोबाइल मागतं. नियम असा, की योग्य औषध लागू पडल्यावरही ताप जायला चार ते सात दिवस लागतात. त्या काळात शिखराची उंची, दिवसातल्या चढांची संख्या, भूक आणि चेहरा बघायचा. तिसऱ्या दिवशी दुसरं ॲन्टिबायोटिक जोडलं आणि पाचव्या दिवशी ताप गेला, तर श्रेय कुणाचं? पुढच्या वेळी तोच डॉक्टर पहिल्याच दिवशी दोन्ही लिहितो. अशाने औषधं वाया जातात.

साधारण याच वेळी प्रयोगशाळेतून फोन येतो. बहुतेक बाटल्या एक-दोन दिवसांत उगवतात, पाचव्या दिवसापर्यंत वाट पाहतात, आणि संवेदनशीलतेला, म्हणजे कोणतं औषध जंतूवर चालतं ते बघायला, आणखी एक दिवस लागतो. हा कागद वाचण्यातही सापळे आहेत. त्यावर जेंटामायसिन, अमिकासिन ‘एस’ (जंतू या औषधाला ऐकतो) असं आलं तरी ते टायफॉइडवर चालत नाहीत, कारण पेशीच्या आत पोहोचत नाहीत. सेफिक्झिमच्या कुळातल्या जुन्या, पहिल्या-दुसऱ्या पिढीच्या सेफॅलोस्पोरिनचंही तेच. सिप्रोफ्लॉक्सासिनची रेषा २०१२ पासून कडक झाली आहे: एमआयसी, म्हणजे जंतूची वाढ रोखणारी किमान मात्रा, ०.०६ किंवा खाली असेल तरच ते ‘एस’. जुन्या रेषेने छापलेला अहवाल फसवतो. ॲझिथ्रोमायसिनला १६ पर्यंत चालतं.

या कागदात एक चांगली बातमीही असते. क्लोरॅम्फेनिकॉल, ॲम्पिसिलिन आणि कोट्रायमॉक्झाझोल या जुन्या तिघांना एकाच वेळी दाद न देणारे जंतू १९९० च्या आसपास देशभर पसरले होते. आता त्यांचं प्रमाण उतरलंय आणि बहुतेक जंतू पुन्हा या औषधांना ऐकतात. कागदावर ‘एस’ असेल तर कोट्रायमॉक्झाझोल ट्रायमेथोप्रिमच्या हिशेबाने रोज किलोला ८ मिग्रॅ दोन भागांत, चौदा दिवस, हा स्वस्त आणि चांगला मार्ग आहे. जी६पीडी या लाल पेशींना जपणाऱ्या एन्झाइमची कमतरता असलेल्या मुलाला मात्र नाही. कल्चर न काढता हे औषध सुरू करायचं धाडस आम्ही करत नाही. क्लोरॅम्फेनिकॉल मज्जेला दुखापत करू शकतं, म्हणून ते शेवटी.

सातवा दिवस, आणि ताप तिथेच

सात दिवस पूर्ण मापाने योग्य औषध गेलं आणि शिखरं हलली नाहीत, तर मग थांबून पहिल्यापासून बघायचं. डोस खरंच गेला का? सलाइनची जागा लाल होऊन शीर सुजली आहे का? नुसत्या त्यानेही ताप राहतो. प्लीहेत किंवा यकृतात गळू आहे का? सोबत डेंग्यू किंवा मलेरिया निघाला का? पेशींचे तिन्ही काउंट घसरत चालले असतील आणि प्लीहा वाढत असेल तर रक्तातलं फेरिटिन (लोह साठवणारं प्रथिन) बघून रोगप्रतिकार यंत्रणाच बेफाम झाली आहे का, ते तपासावं लागतं. कल्चर पुन्हा काढायचं.

आणि जंतूच वेगळा असेल तर? नोव्हेंबर २०१६ पासून पाकिस्तानातल्या सिंधमध्ये, तिथल्या हैदराबादेतून, सेफ्ट्रिॲक्झोनसकट पाच प्रकारच्या औषधांना न जुमानणारा टायफॉइड पसरला. आपल्याकडेही गुजरातेत आणि मुंबईत सेफ्ट्रिॲक्झोनला दाद न देणारे जंतू सापडले आहेत. अशा वेळी मूल स्थिर असेल तर ॲझिथ्रोमायसिन, गंभीर असेल तर मेरोपेनेम, किलोला २० मिग्रॅ दर आठ तासांनी. मेरोपेनेम हे अशाच वेळेसाठी राखून ठेवायचं औषध आहे. ताप तिसऱ्या दिवशी आहे म्हणून ते उघडायचं नाही.

दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात एक गोष्ट तक्त्यापेक्षा महत्त्वाची असते. ताप अचानक उतरला, पण नाडी धावते, रक्तदाब खाली जातो, मूल पांढरं पडतं, पोट फळीसारखं होतं: हा गुण नाही. आतड्यातून रक्तस्राव होतो आहे किंवा आतड्याला भोक पडलंय. उभ्याने एक्स-रे काढला तर छातीच्या पडद्याखाली हवेची चंद्रकोर दिसते, आणि मग सर्जनला लगेच बोलवायचं. बेशुद्ध किंवा शॉकमधल्या मुलाला ॲन्टिबायोटिकसोबत डेक्सामेथासोन देतात, पहिला डोस किलोला ३ मिग्रॅ, मग १ मिग्रॅ दर सहा तासांनी दोन दिवस. जकार्तातल्या १९८४ च्या अभ्यासात अशा गंभीर रोग्यांमधले मृत्यू ५६ टक्क्यांवरून १० टक्क्यांवर आले होते. साध्या टायफॉइडमध्ये ताप लवकर उतरावा म्हणून स्टेरॉइड देणं मात्र घातक आहे. तक्ता सुंदर दिसतो आणि पोटात काय चाललंय ते झाकलं जातं.

खाण्याचं एवढंच: उपाशी ठेवू नका. मऊभात, वरण, पेज, केळं, दही, उकडलेलं अंडं, जे मागेल ते थोडं थोडं. तीन आठवडे साबुदाण्याच्या पाण्यावर ठेवलेलं मूल तापापेक्षा उपासाने जास्त खंगतं.

घरी जाताना

ताप पूर्ण जाऊन एक-दोन दिवस झाले आणि मूल खायला लागलं, की सेफ्ट्रिॲक्झोन थांबवून कल्चरप्रमाणे सेफिक्झिम किंवा ॲझिथ्रोमायसिनवर उतरवतो. दोन्ही मिळून चौदा दिवस भरवायचे. डिस्चार्ज कार्डावर औषधाचं नाव, बाटलीची ताकद, मिलीचा आकडा आणि शेवटच्या डोसाची तारीख आम्ही मराठीत लिहितो. ‘अजून पाच दिवस’ असं लिहिलं की ते कुणाच्या लक्षात राहत नाही.

शंभरातल्या पाच-दहा मुलांत औषध संपल्यावर दोन-तीन आठवड्यांनी ताप उलटतो. तो बहुधा सौम्य असतो, आणि जंतू बहुतेक वेळा तोच आणि त्याच औषधांना ऐकणारा. तरी कल्चर पुन्हा काढायचं. शीमधून जंतू काही दिवस जात राहतात, म्हणून मुलाची शी धुणाऱ्या हातांना साबण, आणि त्या हातांनी घरच्यांचं जेवण नको. बरं झाल्यावर चार ते सहा आठवड्यांनी लस द्यावी, कारण एकदा टायफॉइड झाला म्हणून पुन्हा होत नाही असं नाही. कॉन्जुगेट लस सहा महिन्यांपासून एकच डोस देता येते. नवी मुंबई महापालिकेने २०१८ मध्ये ९ महिने ते १४ वर्षांच्या मुलांना ती मोफत टोचली, आणि सरकारी यंत्रणेतून ही लस देणारी ती जगातली पहिली मोहीम होती. पॅराटायफॉइड या टायफॉइडच्या भावंड तापावर ती चालत नाही, त्याचा उपचार मात्र हाच.

कार्डाच्या शेवटी दोन तारखा असतात. पहिली डोस संपण्याची. दुसरी त्यानंतर तीन आठवड्यांची. त्या दोन्हींच्या मध्ये ताप आला तर घरी उरलेली बाटली उघडू नका, मुलाला घेऊन या, आधी रक्त काढू.